धसमुसळ्याच्या गावाला

घराच्या खिडक्या-दारं, मिरची कांडायचं यंत्र, सौ.साठी पायाने उघडणारी कचरापेटी आणि भंगारातून उभी केलेली जीप. हे सगळं माझ्या हातचं. शिकवायला कुणी नव्हतं. अंबडच्या कारखान्यात लेथवर उभं राहून बघत बघत शिकलो. म्हणून ज्याच्या हाताला अंदाज नाही, जो आटे जाईपर्यंत नट पिळतो, दार लावत नाही, आपटतो, त्याच्यासाठी माझ्याकडे एकच शब्द आहे: धसमुसळा.

आमच्या वैशालीने पसंत केलेला संदीप नेमका तसला. पहिल्याच भेटीत जीपचं दार असं आपटलं की काच खाली उतरली. मी नकार दिला.

"बाबा, एकदा त्याच्या घरी जाऊन या. मग नाही म्हणालात, तर विषय संपला."

दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर सौ. आणि मी निघालो. दिंडोरी, वणी, बोरगाव, सुरगाणा. डिझेल वणीलाच भरा, पुढे भरवसा नाही. बोरगावला चहा तीन रुपये, आलं सढळ.

संदीपच्या पाड्यावर पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. घरापुढे काय सपाट, गुळगुळीत जागा! जीप बरोब्बर मधोमध लावली. संदीपची आई धावत आली.

"आवो पाव्हणं, गाडी तिथं..."

"आई, गप!" संदीप खेकसला.

"ऐकलंस? आईशी असं!" मी पुटपुटलो.

"ऐकलं. आधी जेवून घ्या," सौ. म्हणाली.

नागलीची भाकरी, उडदाचं वरण, ठेचा. चौथी भाकरी संदीपने न विचारताच ताटात आदळली. "खा हो काका, लाजता काय!" माझा नकार पक्का झाला.

उजाडताना बाहेर आलो. जीप ढकलून रस्त्याकडेला लावलेली. संदीप गुडघ्यांवर बसून, शेणकाल्यात हात बुडवून, चाकांनी पाडलेले चर तळहाताने बुजवत होता. तान्ह्या पोराला थोपटावं तसा. ते अंगण नव्हतं, खळं होतं. भात झोडायला चोपून-सारवून तयार केलेलं.

"रात्रीच सांगायचंस की रे!"

"उतरल्या उतरल्या पाहुण्याला काय सांगायचं? म्हणून तर आईला गप केलं. तुम्ही उठायच्या आत उरकणार होतो."

बाह्या सारून मीही बसलो.

"हळू हो काका! किती दाबता? धसमुसळेपणा नाय चालत इथं."

दारात सौ.ला हसू आवरेना.

तुम्ही जाणार असाल तर सुगीत अशी जागा दिसली की आधी विचारा, मगच गाडी घाला.

घरी वैशाली दारातच उभी होती. "कसा आहे?"

"धसमुसळा आहे." तिचा चेहरा उतरला. "त्याच्या आईला म्हणावं, तारीख काढा."

दार तो अजूनही आपटतो. तो शब्द मीही वापरतो, पण माणसाच्या घरी एक रात्र राहिल्याशिवाय नाही. लग्न ठरलं तेव्हाच, पाड्यावरून बाजारहाटाला, दवाखान्याला गाडी लागणार म्हणून जीप वैशालीच्या नावावर करायची ठरवली. त्याच आठवड्यात मालेगावचे एक यंत्रमागवाले आले, जीपभोवती दोनदा फिरले आणि बोली लावून बसले. मी चहा पाजला आणि नाही म्हटलं. बोली होती एक लाख चाळीस हजार, रोख.