भावोजींचा रणगाडा

लिफ्ट थांबली की तिची फरशी आणि मजल्याची फरशी एका पातळीत यायला हवी, यावर माझ्या भावोजींचं सगळं आयुष्य उभं आहे. ताईचं लग्न झालं तेव्हापासून बघते आहे, कुठल्याही इमारतीत लिफ्टमधून बाहेर पडताना हा माणूस आधी बुटाचा तळवा त्या फटीवरून फिरवून बघतो. बोटभर फरक लागला तरी चेहरा पडतो. इथे एखादी म्हातारी अडखळेल, असं पुटपुटत ओळख ना पाळख त्या वॉचमनला गाठतात आणि देखभालवाल्यांना फोन करायला लावतात. त्यांच्यासोबत कुठे वेळेवर पोहोचायचं असेल तर आपण मुकाट्याने जिना धरावा.

लिफ्ट दुरुस्त करणं हेच त्यांचं काम. दिवसभर त्या अंधाऱ्या उभ्या बोगद्यात दोर तपासायचे, ग्रीस लावायचं, वर जायचं, खाली यायचं. पुढे म्हणून जाणं नाही. त्यामुळे असेल, पण डोक्यात कायम डोंगर. जेवताना ताटाशेजारी मोबाइल टेकवून चिखलातून, ओढ्यातून, दगडधोंड्यांवरून चढणाऱ्या गाड्या बघत बसायचे. ताई म्हणायची, भाजीत मीठ नाही हे या माणसाला ताट घासायला पडल्यावर कळेल.

शेवटी गेल्या वर्षी त्यांनी ती गाडी घेतलीच. बदल्यात जुनी बुटकी गाडी देऊन टाकली. नवी खाली आली तेव्हा आम्ही सगळे गॅलरीत उभे होतो, आणि शेजारच्या वकिलीणबाईंनी तिथल्या तिथे तिचं नाव रणगाडा ठेवलं. ताई तिला सवत म्हणते. चाकं माझ्या कमरेला लागतात. मागच्या दारावर टांगलेलं जादा चाक, आणि ते दार उघडतं आडवं, त्यामुळे पार्किंगच्या भिंतीशी गाडी लावली की सामान आत टाकता येत नाही. आधी गाडी पुढे घ्यायची, मग पिशव्या ठेवायच्या, मग ती परत मागे घ्यायची. पुढे एक घड्याळ आहे, गाडी किती कलली ते दाखवणारं. आमच्या सपाट गावात त्याचा काटा जागचा हलत नाही. डोंगर म्हणाल तर शाळेसमोरचा गतिरोधक, तो मात्र रणगाडा दिमाखात चढतो.

मी भरपूर चेष्टा केली. भावोजी हसायचे, कारण ते खरोखर खूश होते. पण काकूंचं गाडीत बसणं आलं आणि त्यांचं हसणं बंद पडलं.

काकू म्हणजे भावोजींची आई. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, हातात काठी, पण बाई मानी. दर आठवड्याला त्यांची एकच फेरी ठरलेली असायची, गावाच्या दुसऱ्या टोकाला वृद्धांच्या निवासात राहणाऱ्या थोरल्या बहिणीकडे. या मोठ्या मावशींना आता दिसत नाही, आणि बोललेलं निम्मं कळत नाही. आवाजावरून त्या कुणाला ओळखत नाहीत, ओळखतात ते हातावरून. काकूंची उजवी करंगळी वाकडी आहे. लहानपणी मोठ्या मावशींनीच रागाच्या भरात दार लावून ती चेमटवली होती. काकू गेल्या की मावशी त्यांचा हात हातात घेऊन एकेक बोट चाचपायच्या, करंगळीपाशी थांबायच्या आणि म्हणायच्या, "आलीस?" मग पुढचा तासभर दोघी एका बाकावर. फारसं बोलणं नसायचं.

जुन्या गाडीत काकू पाठ करून बसायच्या, मग पाय आत घ्यायच्या. नव्या गाडीत बसायचं म्हणजे आधी चढायला हवं, आणि काकूंचा गुडघा तेवढा वर येत नाही. भावोजींनी दाराखाली पायरी बसवून घेतली, तर ती पायरीच त्यांच्या गुडघ्याच्या उंचीला आली. स्टूल आणलं, ते डुगडुगलं. मग एकदा दवाखान्याच्या फाटकात, मागे गाड्या खोळंबलेल्या, भोंगे वाजतायत, अशा गडबडीत भावोजींनी आईला कमरेत धरून वर ढकललं. काकूंची चप्पल खाली पडली, कपडे गुडघ्यापर्यंत वर गेले, आणि औषधांच्या दुकानापुढची चार टवाळ माणसं हसली. घरी आल्यावर काकू स्पष्ट म्हणाल्या, "पुन्हा मला उचलायचं नाही. मी काय गोणी आहे?"

त्यानंतर त्यांना कुठे जावंसंच वाटेना. बहिणीकडे जायच्या दिवशी नेमकं डोकं दुखायचं, नाहीतर थोरलीला काय कळतंय, गेले काय नि न गेले काय, असं म्हणायच्या. ताईने टॅक्सी बोलवायचं सुचवलं तेव्हा काकूंनी तिला स्वयंपाकघरात नेऊन दटावलं. दारात पोराची एवढी गाडी उभी असताना मी भाड्याच्या गाडीत बसले तर त्याला काय वाटेल? त्याने हौसेने घेतली आहे. पुन्हा विषय काढू नकोस.

ताईने विषय काढला नाही, पण भावोजी बाहेरच्या खोलीत होते आणि भिंती पातळ आहेत.

तेव्हापासून माणूस पार बदलला. चोरी केल्यासारखे घरात वावरायला लागले. कामावरून आईला फोन करायचे, जेवलीस का, गोळी घेतलीस का, आणि मग काय विचारावं ते न सुचून ठेवून द्यायचे. तिच्यासाठी गादीची खुर्ची आणली, शेकायची पिशवी आणली, मोठ्या आवाजाचा रेडिओ आणला. काकू सगळं छान आहे म्हणायच्या आणि गॅलरीत बसून राहायच्या. गॅलरीतून खाली बघितलं की पहिलं काय दिसतं, तर रणगाड्याचं छप्पर. भावोजींनी मोबाइलवर डोंगर बघणं सोडलं. मी एकदा सवयीने चेष्टा केली, तर म्हणाले, "लोकांच्या आयांना मजल्यावर नीट उतरवतो मी. माझ्या आईला मात्र घरात बसवलं." मला माझीच जीभ चावावीशी वाटली.

उपाय अखेर त्यांच्या धंद्यातच सापडला. आमच्या इमारतीमागे किराणा मालाचं मोठं दुकान आहे. मागच्या बाजूला ट्रकमधला माल उतरवायला उंच ओटा. तिथली माल चढवायची लिफ्ट दुरुस्त करायला भावोजी गेले होते, आणि ओट्यावर उभं राहून खाली बघताना त्यांच्या डोक्यात उजेड पडला. धावत येऊन त्यांनी गाडीची उंची मोजली, मग ओट्याची मोजली. कितीतरी दिवसांनी त्यांना शिट्टी वाजवताना ऐकलं. दुकानाच्या मॅनेजरला त्यांनी गळ घातली, तो हो म्हणाला.

जायच्या दिवशी काकू, ताई आणि मी दुकानातून चालत गेलो. साबण, डबे, झाडू यांच्या रांगांमधून काकू काठी टेकत हळूहळू, कपाळावर आठ्या घालून. मागचं दार उघडलं तर ओट्याला अगदी चिकटून रणगाडा उभा, दार सताड उघडं. भावोजींनी सवयीप्रमाणे बुटाचा तळवा फटीवरून फिरवला. पातळी बरोबर होती. काकूंनी एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि त्या बसल्याही. ओट्यावरचे हमाल काम थांबवून बघत होते. काकूंनी त्यांच्याकडे अशा काही रुबाबात बघितलं की मला हसू फुटलं. भावोजींचे डोळे भरून आले होते आणि ते उगाचच आरसा पुसत बसले.

वाटेत काकू खूप बोलल्या. इतक्या उंचावरून त्यांना लोकांच्या कुंपणापलीकडचं दिसत होतं. कोणाच्या अंगणात काय वाळत घातलंय ते सगळं त्यांनी आम्हाला सांगितलं. पुलापाशी सिग्नल लागला तेव्हा ताईने पुढे झुकून हळूच विचारलं, "अहो, तिथे उतरायचं कसं?"

मागून मला भावोजींचे कान लाल झालेले दिसले. जन्मभर लिफ्टमध्ये काढलेला माणूस, लिफ्टला वरचा मजला असतो तसा खालचाही असतो हे आनंदाच्या भरात विसरला होता. काकूंनी ऐकलं असणार. त्यांनी काठी मांडीवर ओढून घेतली.

निवासापुढे सपाट रस्ता. ओटा नाही, कठडा नाही, साधी चढणही नाही. भावोजी खाली उतरून सगळ्या आवाराला चक्कर मारून आले आणि मान खाली घालून उभे राहिले. शेवटी तिथल्या आयाबाईंनाच कीव आली. त्या आत गेल्या आणि मोठ्या मावशींना चाकांच्या खुर्चीवरून थेट गाडीपाशी घेऊन आल्या. काकूंनी दार उघडून हात खाली केला. आयाबाईंनी मावशींचा हात वर धरला. काकू आणखी वाकल्या, मी त्यांचा दंड घट्ट पकडला होता. दोन हातांमध्ये वीतभर अंतर राहिलं, ते काही केल्या मिटेना.

"मी आले आहे गं," काकू म्हणाल्या.

"कोण?" मावशींनी तोंड वर केलं.

"मी. तुझी धाकटी."

मावशींनी थोडा वेळ हवेत बोटं हलवली. मग हात मांडीवर घेतला आणि आयाबाईंना म्हणाल्या, "मला आत ने. कोणीतरी ट्रकमधून हाका मारतंय."

आयाबाई आमच्याकडे बघत राहिल्या. फाटकात भाजीवाला थांबला होता, दोन पाहुणे थांबले होते, माळी हातात नळी धरून उभा होता. भावोजी गाडीला पाठ लावून जमिनीकडे बघत होते. इतका लाजलेला माणूस मी पाहिलेला नाही.

काकूंनी माझ्या हातात काठी दिली. कपडे पायांभोवती घट्ट आवळून घेतले.

"अरे, उचल मला," त्या म्हणाल्या.

"आई, इथे? सगळे बघतायत."

"बघू देत. उचल."

भावोजींनी आईला उचललं. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली, दुखरे गुडघे जराही मुडपू न देता. चप्पल याही वेळी पडली. मग त्यांनी तिला इतकं सावकाश खाली घेतलं, की तिचा पाय जमिनीला कधी टेकला हे तिलाही कळलं नसेल.

मोठ्या मावशींची खुर्ची वळली होती, ती आयाबाईंनी पुन्हा वळवली. मावशींनी काकूंचा हात घेतला. अंगठ्यापासून सुरुवात केली. करंगळीशी थांबल्या, ती चोळत राहिल्या.

"आलीस?" त्या म्हणाल्या. आणि मग, कधी नव्हे ते, "इतके दिवस कुठे होतीस?"

"माझा मेला गुडघा गं," काकू म्हणाल्या. "घराबाहेर पडवतच नव्हतं. नाहीतर पोराची गाडी काय, दारातच उभी असते."

भावोजी चप्पल हातात घेऊन मागेच उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, पण काकूंनी मान न वळवता मोकळा हात हलवून त्यांना गप्प केलं. मग ते खाली बसले, आईचा पाय हळूच उचलून चप्पलेत घातला, आणि पुढे बराच वेळ तिथून उठलेच नाहीत.