पांडुरंगाचे वरपिते

तंजावरचे राज्य खालसा होऊन चाळीस वर्षे लोटली होती, त्या सुमाराची ही हकीकत. कुंभकोणच्या मुन्सफ कचेरीत नकला उतरणारे अप्पाजी हे अत्यंत विनयशील गृहस्थ. तीन कन्यांचे विवाह करता करता त्यांच्या देहाला किंचित वाकून उभे राहण्याचे वळणच पडले होते. समोरून कचेरीचा शिपाई आला तरी ते भिंतीला लागत.

चौथी कन्या अंबुजा. तिच्यासाठी त्यांनी तिरुभुवनम्‌च्या रेशमी वस्त्रांचे व्यापारी व्यंकोबा यांचा पुत्र वैद्यनाथ मनात धरला होता. व्यंकोबा मूळचे सज्जन. परंतु मुलगा उपवर झाल्यापासून त्यांचे शब्द मोजके झाले होते. सहा महिने दर शुक्रवारी अप्पाजी दुकानाच्या पायरीवर उभे राहत आणि "पाहू" एवढे ऐकून परतत. बसा, असे कोणी म्हणत नसे.

कावेरीकाठच्या भजनमठात दरवर्षी रुक्मिणीकल्याणाचा, म्हणजे पांडुरंग-रुक्मिणीच्या लग्नाचा, उत्सव होई. देवापुढे चिठ्ठ्या उचलून भक्तमंडळी वधूपक्ष आणि वरपक्ष अशी विभागली जात. अप्पाजींच्या वाट्याला नेहमी वधूपक्षच येई. त्या वर्षी मात्र साक्षात पांडुरंगाच्या पित्याचा मान त्यांना लाभला आणि रुक्मिणीचे पितृत्व व्यंकोबांकडे गेले.

अप्पाजींच्या पत्नी गंगाबाई त्यांच्या कानाशी लागल्या. "अवो, तिथे रुसू बिसू नका. आपली अंबुजा त्यांच्याच घरी द्यायची आहे."

"मी? मला रुसता येते कुठे?"

जरीची पगडी चढली, लोडाशी आसन मिळाले, दोन्ही बाजूंनी चवऱ्या ढळू लागल्या. अप्पाजींची पाठ हळूहळू ताठ झाली. इतक्यात वधूपित्याच्या रीतीने व्यंकोबा दोन्ही हातांनी गूळ-सुंठीच्या पानकाचे पात्र घेऊन आले. अप्पाजींनी एक घोट घेतला आणि पात्र बाजूला सारले.

"सुंठ कमी आहे."

मंडळी खदखदून हसली.

"पुन्हा करून आणतो," व्यंकोबा म्हणाले.

"आणा. आणि येताना जरा पळत या!"

गंगाबाईंनी डोळे मिटून घेतले. परंतु आश्चर्य असे की, ज्यांच्या एका हुंकाराने दुकानातील गडी थरथरत, ते व्यंकोबा खरोखरच पळाले. घामाघूम होऊन परतले आणि पात्र पुढे करून मान खाली घालून उभे राहिले.

मंगलाष्टके झाली, पगडी उतरली, आणि अप्पाजींची पाठ पुन्हा वाकली. दुसऱ्या दिवशी पहाटेच ते क्षमा मागण्यासाठी व्यंकोबांच्या दारी पोहोचले.

"आत या, आधी बसा," व्यंकोबा म्हणाले. "चार घटका मुलीचा बाप झालो, तर माझी मान अजून दुखते आहे. अप्पाजी, सहा महिने तुम्ही त्या पायरीवर उभे कसे राहिलात हो?"

अप्पाजी आत येऊन बसले.

"मुहूर्त काढा. पण एक सांगतो, पानक मी चाखून पाहणार!"

वैशाखात लग्न लागले. पगडी आता व्यंकोबांच्या मस्तकी होती, लोडही त्यांच्याच पाठीशी. पानकाचा घोट घेताच त्यांच्या भुवया आक्रसल्या, ओठ उघडले, "सुंठ..."

अप्पाजी तोवर स्वयंपाकघराच्या दिशेने अर्ध्या वाटेवर पळत पोहोचले होते.

व्यंकोबा भानावर आले. पगडी काढून त्यांनी मांडीवर ठेवली आणि हसू आवरत हाक मारली, "अवो व्याही, परत या! अगदी बरोबर पडली आहे, असे म्हणत होतो."