भरलेली टाकी

तव्यावर हिरव्या मिरच्यांचा ठसका उठला की मला सातपुड्यातलं ते जंगल आठवतं. झोपायला गाद्या, स्वयंपाकाला शेगडी अशी मोठी गाडी भाड्यानं घेऊन आम्ही सात जण संभाजीनगरहून निघालो होतो. गाडी मीच शोधली होती. पण जंगलात न्यायच्या जीपमध्ये सहाच जागा निघाल्या, अन् सासूबाई म्हणाल्या, "तू थांब. आल्यावर समद्यांना गरम भाकरी लागंल." नवरा माकडं बघत जीपमध्ये जाऊन बसला. जीप सागाच्या झाडीत शिरली तशी मी एकच भाकरी थापली, ठेच्यासंगं दारात बसून निवांत खाल्ली, तवा घासला अन् गॅसच्या टाकीचं रेग्युलेटर बंद केलं. भर दुपारी वाघ बघून सगळे भुकेले परतले. "गॅस संपला," मी म्हणाले. दिरांनी शेगडीचं बटण पिळलं, लायटर खटखटवला, "व्हय की, संपलाच!" टाकी उचलून बघायचं एकालाही सुचलं नाय, कारण आमच्या घरात ती आजवर कुणी उचललीच नव्हती, माझ्याशिवाय. घाट उतरून गाव येईस्तोवर सगळ्यांनी कोरडे मुरमुरे चावले. आता कंबर दुखते माझी, तरी भरलेली टाकी मी एकटीच ओट्याखाली सरकवते. कुणाला हात लावू देत नाय.