टाचणीजवळची पांढरी खूण

शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका असतील आणि अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. पोलिसात बाई म्हणून नोकरी केली, जमादार होऊन निवृत्त झाले, पण चारचौघांत बोलायची सवय शेवटपर्यंत झाली नाही. म्हणून हे वहीत लिहून ठेवते. कुणाचं नाव लिहिणार नाही.

इतक्या वर्षांत पुष्कळ केसेस विसरले, पण लाल छापाची ती केस अजून मनातून जात नाही. आण्यांचा हिशेब चालू होता तेव्हाची गोष्ट. पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते. चौकीला दोन खोल्या, एक टेबल आणि मडक्यातलं पाणी. कारखान्यात बायका कामाला असत, त्यांचे जबाब घ्यायला मला पुण्याहून तिथे पाठवलं होतं.

एका सकाळी पोस्टमास्तर चार पुड्या घेऊन चौकीत आले. प्रत्येक पुडीवर एका कारखान्याचा चार आण्यांचा लाल छाप होता. तो कारखाना पत्रांवर तिकिटं लावत नसे. पोस्टात पैसे आगाऊ भरायचे आणि कचेरीतल्या मशीनने छाप मारायचा. असं टपाल पोस्टाच्या खिडकीवरच द्यावं लागतं. या पुड्या मात्र स्टेशनजवळच्या पेटीत सापडल्या होत्या, आणि छाप कागदाच्या कपट्यावर असून तो कपटा वरून चिकटवलेला होता. चारही पुड्यांवर पत्ता एकच, लांबच्या क्षयाच्या दवाखान्याचा; नाव नव्हतं, नुसता खाटेचा नंबर.

आमचे फौजदारसाहेब मला घेऊन कारखान्यात गेले. हेडक्लार्कनी पुड्यांकडे पाहिलं आणि लगेच मशीनवरच्या शिपायाकडे बोट केलं.

"अक्षर याचंच आहे. पुण्यात रबरी शिक्का करून घेतला असणार. साहेब, सरळ आत टाका."

शिपाई चाकणकडचा, पन्नाशीचा माणूस. हात जोडून म्हणाला, "पत्ता म्या लिवलाय. छाप न्हाई मारला."

"कुणासाठी लिहिलास?" साहेबांनी विचारलं.

"ते न्हाई सांगणार."

"का?"

"शबुद दिलाय, साहेब."

हेडक्लार्क हसले. "ऐकलंत? राजा हरिश्चंद्र आहे आमच्याकडे."

टपालाचा बनावट सरकारी छाप करणं म्हणजे थेट तुरुंग. संध्याकाळपर्यंत लेखी तक्रार देतो, असं हेडक्लार्क म्हणाले. शिपायाच्या घरी लग्नाच्या दोन मुली होत्या. तरी तो गप्प. गुन्हेगार गप्प बसतो तेव्हा त्याची नजर दाराकडे जाते, असा माझा अनुभव आहे. हा मशीनकडे बघत होता, आपलं जनावर दुसऱ्याच्या हातात जाताना बघावं तसा.

मी भीत भीत साहेबांना म्हटलं, "मशीन चालवून बघू का?"

"बघा. तेवढंच राहिलंय," साहेब म्हणाले.

मी शिपायाला म्हटलं, "मामा, दाखवा मला."

त्यांनी आधी पातळ पाकीट सरकवलं, मग मूठभर कागद कोंबलेलं जाडजूड पाकीट. दोन्ही छाप अगदी सारखे, रेघ ना रेघ.

"हे कसं हो?" मी विचारलं. "हातानं शिक्का मारला तर जाड कागदावर निराळा उठतो, पातळावर निराळा."

मामांचा चेहरा थोडा उजळला. "वरचा ठसा पोलादी हाय ताई, तो हालत न्हाई. खाली हा रूळ हाय बघा, स्प्रिंगवर बसलेला. जाड आलं की खाली दबतो, पातळ आलं की वर येतो. दाब तेवढाच ऱ्हातो. शाईबी वरचा दुसरा रूळ लावतो, हाताचं काम न्हाई. चुकतं ते फकस्त टाचणीला. टाचणी ठशाखाली आली की तिच्या कडंला कागद उचलला जातो, तिथं शाई लागत न्हाई."

मी भिंग घेऊन पुड्यांवरचे कपटे पाहिले. चारही छाप सारख्याच दाबाचे होते. म्हणजे रबरी शिक्का नाही, याच मशीनचे. आणि चारही छापांत उजवीकडे तांदळाएवढी पांढरी खूण होती. नुसत्या कपट्याखाली टाचणी कशी येईल? म्हणजे हा कागद आधी भरलेलं पाकीट होता आणि छाप नंतर कापून घेतला होता.

"टाचणी उजव्या कोपऱ्यात कोण लावतं?" मी विचारलं.

मामा खाली बघत म्हणाले, "म्या लई येळा सांगितलं, डावीकडं लावा म्हणून."

हेडक्लार्क तडकले. "तू मला टाचणी लावायला शिकवणार?"

साहेबांनी त्यांनाच विचारलं, "असा छाप बिघडला की त्या पाकिटाचं काय करता?"

"टोपलीत टाकतो. दुसरं पाकीट घेतो."

पोस्टमास्तरही आमच्याबरोबर आले होते. ते म्हणाले, "अहो, बिघडलेली पाकिटं जपून आमच्याकडे आणायची असतात. त्याचे पैसे परत मिळतात."



टोपली कोण उचलतं, हे मग विचारावंही लागलं नाही. झाडूवाली बाई दाराआड उभी होती, आपणहून पुढे आली. बीडकडची, काळेवाडीत राहणारी, माझ्याच वयाची.

"मामांना सोडा. कागूद म्या कापला. खळ करून चिकटवला."

मी तिला बाजूच्या खोलीत नेलं. नवरा क्षयाच्या दवाखान्यात होता. हे कळलं तर कारखान्यात ठेवणार नाहीत, खोलीही जाईल, म्हणून तिने फक्त मामांना सांगितलं होतं, तेही पत्ता लिहून घेण्यापुरतं. पुड्यांत शेंगदाण्याचं कूट आणि गूळ.

"बाई, त्या छापाचं पैसं भरलेलं हाईत असं मामाच म्हणायचं," ती म्हणाली. "पैसं भरलेलं कागूद टोपलीत. म्या म्हटलं, कुणाला नको तर मी घेते. चोरी हाय व्हय ही?"

"किती पुड्या टाकल्या?"

"ह्या चार. आन् याच्या आधी सात."

त्या सातांचा कुणाला पत्ताही नव्हता. तिने आपणहून सांगितलं.

साहेबांनी माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं. मग हेडक्लार्कना म्हणाले, "तक्रार द्या. पण जबाबात तुमची टोपलीही येईल." तक्रार आली नाही. नवऱ्याचं आजारपण आम्ही कागदावर आणलं नाही. अकरा पुड्यांचे दोन रुपये बारा आणे पोस्टात मी भरले, आणि चार पुड्या त्याच दिवशी पुढे गेल्या.

या केसने मला एक शिकवलं. त्या मशीनखाली जाड येवो, पातळ येवो, दाब सारखाच. आम्ही पोलीस तसे नसतो. समोरचा माणूस पातळ दिसला की आमचा हात जास्त जोरात पडतो. पुढे प्रत्येक जबाब घेताना मी तो स्प्रिंगवरचा रूळ आठवत असे.

मी पैसे परत मागितले नव्हते. तरी दर बाजारच्या दिवशी ती चौकीत यायची, पदराच्या गाठीतून चार आणे काढून टेबलावर ठेवायची आणि पाणी पिऊन जायची. चौथ्या वेळी नवऱ्याबद्दल म्हणाली, "आता उठून बसतोय म्हणं." अकराव्या वेळी पायरीखाली एक हडकुळा माणूस उभा होता. चौकीत यायला लाजत होता. शेवटचे चार आणे त्याच्या हातात होते. तिने त्याला वर बोलावलं, त्याने ते माझ्या टेबलावर ठेवले.

"मोजा बाई," ती म्हणाली. "समदं फिटलं का बघा."

मी आधीचेही काढून मोजले. सगळे फिटले होते.