कोपऱ्यावरचं बटण

दौंडला घरी इंटरनेट घ्यायचं म्हणून मी दोन केबलवाल्यांची पत्रकं शेजारी शेजारी ठेवून वेग आणि भाडं ताडून पाहिलं होतं आणि त्यातल्या एकाचं कनेक्शन घेतलं होतं. मुलगी ऑस्ट्रेलियात. तिची संध्याकाळ ती आपली दुपार. त्या वेळी ती नातवाला कॅमेऱ्यासमोर बसवायची. आणि नेमकं दुपारीच नेट जायचं! नातू ‘आजोबा’ म्हणायला तोंड उघडायचा आणि पडद्यावर तसाच गोठायचा.

केबलवाल्याला फोन करकरून कंटाळलो आणि एका दुपारी तारेच्या मागेमागे चालत गेलो. कोपऱ्यावरच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारे मामा उघड्या अंगाने पहुडले होते. उशाशी भिंतीवर केबलवाल्याचा डबा, माझी तार त्यातूनच निघालेली. वीज मामांची, बदल्यात टीव्ही फुकट. डब्याचं बटण बंद.

“मामा, हे कुणी बंद केलं?”

“मीच. दुपारच्याला घूं घूं करतंय. डोळा लागत न्हाई.”

तेवढ्यात समोरच्या रुळांवरून मालगाडी धडधडत गेली. ओट्यावरचा तांब्या थरथरला. मी नुसतं गाडीकडे बोट केलं.

“तिचं काय, ती जाती निघून,” मामा म्हणाले. “ह्ये कुठं जातंय?” आणि त्यांनी कूस बदलली.

मी तणतणत घरी आलो आणि दुसऱ्या केबलवाल्याचं कनेक्शन घेतलं. पहिल्याच दुपारी नातू गोठला. पुन्हा तार धरून निघालो. तीही त्याच ओट्यावर जाऊन थांबली. भिंतीवर आता दोन डबे होते.

मामांनी एक डोळा उघडला.

“या. आता बरं झालंय. दोन्हीला मिळून एकच बटण बसवलंय.”