मोराच्या दारावरचे ओरखडे

पडदा वर जावा आणि रंगमंचावर फक्त एक दार उभं असावं, तसा तो देखावा होता. साताऱ्याहून फलटणकडं जाणाऱ्या रस्त्यालगतचं गाव, साल चौऱ्याहत्तर, चैत्रातली दुपार. मातीच्या साध्या भिंतीत बसवलेलं नवं सागवानी दार. दोन्ही फळ्यांवर कोरलेले मोर, कडेनं वेलबुट्टी, तेल पाजून चकचकीत केलेलं लाकूड. आणि खाली, गुडघ्याच्या उंचीला, नखांचे पांढरे ओरखडे.

त्या ओरखड्यांपुढं राहीबाई डोक्याला हात लावून बसली होती. शेजारी ढाण्या कुत्रा शेपटी हलवत होता, जणू टाळ्यांची वाट बघत.

दार राहीबाईच्या नवऱ्यानं, हवालदार लालासाहेबानं, मागच्या रजेत स्वतः लाकूड निवडून करून घेतलं होतं. आता रविवारी तो पुन्हा रजेवर येणार होता. सासूनं, बयाबाईंनी, निकाल देऊन टाकला होता, "लाला यायच्या आत त्या कुत्र्याला रानातल्या वस्तीवर धाड. न्हाईतर तो आधी दाराकडं बघंल, मग तुझ्याकडं."

एकाहत्तरच्या लढाईत लालासाहेबाचं पत्र येईना, तेव्हा गल्लीतल्या बायका राहीबाईला बघून बोलायच्या थांबत. त्या दिवसांत ती बोलायची ती या कुत्र्याशी. त्याला कुठं धाडणार?

तिनं दाराला खालच्या अंगाला मिरचीचं पाणी चोपडलं. ढाण्या शिंकून लांब गेला. पण सकाळी बयाबाई उंबऱ्याला हळदकुंकू वाहायला बसल्या, दाराला हात टेकून उठल्या आणि त्याच हातानं त्यांनी डोळे पुसले.

"राहे, घालवायचं कुत्र्याला हाय का मला?"

"आवं आत्याबाई, तुमास्नी कशाला घालवीन? तुमी कुटं दार खरवडताय?"

डोळ्यांवर ओला पदर धरूनही बयाबाईंना हसू आवरेना. कुत्र्याचा निकाल मात्र त्यांनी बदलला नाही.

मग तिनं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून ठोकला. ढाण्यानं त्यावर नखं अशी वाजवली की ताशेवाला दारात आल्यागत वाटावं. बयाबाईंची दुपारची झोप उडाली आणि पत्रा उतरला.

शनिवारी शेजारची अंबूबाई ताक मागायला आली. कडी वाजवून दमली, तेव्हा कुठं राहीबाईनं दार उघडलं.

"आगं, पूर्वी तुझ्या घरात हाक न मारता शिरत हुते. आता कचेरीगत दार लावून बसतीस व्हय?"

"मोर दिसाय नगं का रस्त्यावरनं? दार उघडलं की ते भिंतीकडं तोंड करत्यात."

म्हणता म्हणता राहीबाई थबकली. जुनं दार सकाळी उघडायचं ते दिवेलागणीलाच लागायचं. ढाण्या दुपारभर दाराआतल्या सोप्यातल्या गार भुईवर पडून असायचा. नवं दार बसलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं मोर बघावेत म्हणून ते दिवसभर बंद. कुत्रं बाहेर उन्हात. दार खरवडण्यावाचून त्यानं दुसरं काय करावं?

तिनं दोन्ही फळ्या भिंतीला लावल्या, खाली दगड सारला. ढाण्या आत आला, गोल फिरला आणि जुन्या जागी आडवा झाला. त्या दिवशी एक नवा ओरखडा उठला नाही. जुने मात्र होते तिथंच होते.

रविवारी लालासाहेब आला. ट्रंक खाली ठेवायच्या आत त्यानं विचारलं, "मोर कुटं गेलं?" फळी ओढली, ओरखडे बघितले आणि दारापाशी उकिडवा बसला.

"मी सांगत हुते हिला," बयाबाई म्हणाल्या. "धाड त्याला वस्तीवर."

लालासाहेबानं ओरखड्यांवरनं अंगठा फिरवला. मग त्यानं आत झोपलेल्या कुत्र्याकडं बघितलं, आणि बायकोकडं. राहीबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

"रंधा मारला की निघंल हे," तो सावकाश म्हणाला. "पर त्यानं पुन्हा खरवडलं तर?"

"न्हाई खरवडायचा. दार उघडं असल्यावर त्याला काय काम? आन् आवं, ज्याला मोर बघायचं असतील त्यानं आत यावं, च्या घ्यावा, मग दारामागं वाकून खुशाल बघावं."