उठायला शिकवणाऱ्या सुवर्णाअक्का

सुवर्णाअक्का बिरादार यांची आणि माझी पहिली भेट आमच्या सीमाभागातल्या जनवाड्याच्या एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत झाली. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर मी कित्येक महिने अंथरूण धरून होते. जखम भरली, पण पायांतली ताकद काही परत आली नाही. पन्नाशी उलटलेली. आता असेच चालायचे, असे लोक म्हणत आणि मीही ते मानले होते. शाळेत खुर्चीवर बसून शिकवायचे, घरी खुर्चीवर बसून भाजी निवडायची. त्या दिवशी मात्र आग्रहाला भुलून खाली बसले आणि जेवण झाल्यावर उठताच येईना. पुढची पंगत ताटकळत उभी, आणि मी पदराने घाम पुसत बसलेली. शेजारच्या उंच, करड्या केसांच्या बाई हळूच म्हणाल्या, “हात देऊ, का कसं उठायचं ते सांगू?”

“सांगा,” मी म्हणाले.

त्यांनी मला एका गुडघ्यावर यायला लावले, दुसरा पाय पुढे रोवायला सांगितला, त्या मांडीवर दोन्ही हात ठेवायला सांगितले. “आता जमिनीकडं बघू नका. नवरीकडं बघा.” नवरीकडे बघत मी उठले. “मला रोज शिकवाल का?” असे मी तिथेच विचारले, आणि पुढच्याच सोमवारी अक्का आमच्या चिटगुप्प्याच्या घरी आल्या.

अक्का पूर्वी एका खासगी शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. ती नोकरी सोडून त्यांनी हैदराबादला व्यायाम प्रशिक्षकाचे शिक्षण घेतले, तेही आपल्याकडे बायका गुडघ्यांना तेल चोळत बसतात त्या वयात. आज स्कूटीवर डंबेल्स आणि रबरी पट्टे घेऊन त्या घरोघर जातात, एकेकाला त्याच्या तब्येतीप्रमाणे शिकवतात. मराठी घरात मराठी, कन्नड घरात कन्नड, आणि चुकारपणा केला तर दोन्ही घरांत दखनी उर्दू.

पहिल्या दिवशी त्यांनी मला काहीच करू दिले नाही. “आधी डॉक्टरला इचारून या,” म्हणाल्या. डॉक्टरांचा होकार मिळाल्यावर सुरुवात झाली ती खुर्चीवरून हात न टेकता उठण्यापासून आणि भिंतीला हात लावून अंग पुढे-मागे नेण्यापासून. मला घाई होती वजन कमी करायची. आमचे मालक तुरीचा व्यापार करतात. मी दुकानातला काटा घरी आणून ठेवला. अक्कांनी तो पाहिला आणि म्हणाल्या, “तुमी काय तुरीचं पोतं हाव का? नेऊन ठेवा तो दुकानात. मला फक्त सांगा, काल जिना चढताना कुठं थांबलाव.” त्या दिवसापासून मी काट्याऐवजी जिन्याकडे पाहू लागले.

शिस्त कडक, पण मन मोठे. पावसाळ्यात मला ताप आला, सगळे सुटले, आणि पुन्हा उभे राहायचे मनच होईना. अक्का आल्या तेव्हा मी तोंड वळवून पडून राहिले. त्यांनी स्वयंपाकघरातून मेथीची जुडी आणली आणि माझ्या उशाशी बसून निवडू लागल्या. जुडी निम्मी झाल्यावर म्हणाल्या, “माझा बी खांदा आज लई दुखायलाय. दोघी मिळून थोडंच करू.” थोडेच केले, पण केले.

या सगळ्याला विरोध होता तो माझ्या सासूबाईंचा. “घरात काम न्हाई का, हे लोखंड कामून उचलायलीस?” असे त्या अक्कांसमोरच विचारत. अक्का हसून नमस्कार करत.

एका दुपारी मालक दुकानात असताना न्हाणीतून धप्प आवाज आला. सासूबाई पाय घसरून पडल्या होत्या. घरात दुसरे कोणी नव्हते. अक्कांनी शिकवलेले आठवले: घाईने ओढायचे नाही. कुठे दुखते ते विचारले, पाय हलवून पाहायला सांगितले. मोडतोड काही दिसली नाही. मग त्यांना कुशीवर, कुशीवरून गुडघ्यांवर आणले, पुढ्यात स्टूल ठेवले, आणि मागून कंबर धरून, माझे गुडघे वाकवून, त्यांचा भार पायांवर घेत उचलले. माझी पाठ सरळ राहिली. सासूबाई माझ्या खांद्याला धरून उभ्या होत्या.

“एवढी ताकत कवा आली गं तुला?” त्यांनी विचारले.

मला रडू आले आणि हसूही.

संध्याकाळी डॉक्टरांनी तपासले. मुका मार होता. अंग दुखायचे थांबल्यावर एका सकाळी सासूबाई पदर खोचून अक्कांच्या वाटेवर खुर्ची टाकून बसल्या. “मला बी सांगा की, अक्का.”

“आधी डॉक्टरला इचारा,” अक्का म्हणाल्या, आणि आम्ही तिघीही हसलो.

चिटगुप्प्यापासून कोहिनूर गावापर्यंत अक्का शिकवतात अशी अनेक घरे आहेत. अक्कांच्या साठीनिमित्त त्यांना काय द्यावे, याची आमच्यात बरीच चर्चा झाली. शेवटी त्यांनाच विचारले. त्या थोड्या लाजल्या. म्हणाल्या, “मला पवायला येत न्हाई. ल्हानपणापासून पाण्याचं भ्या वाटतंय. आता शिकावं म्हणते.”

माझे माहेर कोहिनूरचे. मी लहानपणी मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकले. तेव्हा ठरले: या उन्हाळ्यात अक्कांच्या पाठीला तरंगण्यासाठी रिकामा डबा बांधायचा आणि पायऱ्यांवरून मी त्यांना पाण्यात उतरवायचे. हाताला धरून ठेवायचे की सोडायचे, हे त्यांनाच विचारीन.

अक्कांना भरपूर, निरोगी आयुष्य मिळो. त्यांच्या पाठीचा डबा लवकर सुटो, आणि ऐंशीव्या वर्षीही त्यांनी विहिरीच्या काठावरून उडी मारावी, आम्ही सगळ्यांनी मागून मारावी.